छापा, पण थोडंच

टी-शर्ट चांगला होता की नाही, हे त्याचं फडकं झाल्यावर कळतं. आमच्या घरात प्रत्येक टी-शर्टाचा प्रवास ठरलेला आहे. आधी बाहेर जाताना, मग घरात, मग रात्री झोपताना, आणि शेवटी ओट्याखालच्या बादलीशेजारी. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती होजिअरीसारखं पाणी टिपणारं फडकं कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. पण हल्ली एक नवाच प्रकार होतो. पाणी सांडलं म्हणून हाताला येईल ते ओढून फरशीवर फिरवावं, तर पाणी टिपलं जायच्या ऐवजी नुसतं पुढे सरकतं. उलटं करून बघावं, तर छातीभर कुठल्यातरी मॅरेथॉनचं चित्र, ऑफिसच्या सहलीचं घोषवाक्य, नाहीतर मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं बोधचिन्ह. रंग विटलेला, मधे भेगा पडलेल्या, पण प्लास्टिक जागचं हललेलं नाही. जे फरशीवरचं पाणी टिपत नाही ते अंगावरचा घाम काय टिपणार? आणि हे अंगात चढवून आपण भर मे महिन्यात गावभर हिंडलो होतो!

आता, मी स्वतः घरी टी-शर्ट करते तेही विनाईलचेच, म्हणजे प्लास्टिकचेच. तेव्हा हे बोलायचा मला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर ते वाजवीच आहे. पण उन्हाळ्याच्या टी-शर्टावर काय छापावं यापेक्षा किती छापू नये, हा प्रश्न मला पडला तो हे काम हातात घेतल्यावरच.

सुरुवात झाली भाचरांमुळे. मे महिन्यात माझ्या माहेरी, गुहागर तालुक्यात, सगळी भावंडं जमतात. कुणी पुण्याहून, कुणी डोंबिवलीहून, एक कुटुंब बडोद्याहून. मुलांना सगळ्यांचे सारखे टी-शर्ट हवे होते, पण प्रत्येकाच्या अंगावर वेगळं काहीतरी. चौकशी केली तर छपाईवाल्याने सरळ सांगितलं, पन्नास नग असतील तर या. त्याचंही चुकत नव्हतं. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक चित्राची, चित्रातल्या प्रत्येक रंगाची स्वतंत्र जाळी करावी लागते. एकदा जाळी झाली की शंभर काढा नाहीतर पाचशे. पण एका टी-शर्टावर ‘आंबा’ आणि दुसऱ्यावर ‘फणस’ म्हटलं की त्याचा हिशेब कोलमडतो. विनाईलला जाळी लागत नाही. एक काढा, वेगळा काढा, पुढचा आणखी वेगळा काढा. घरच्या माणसासाठी हे तंत्र बरं पडतं ते एवढ्याचसाठी.

हे विनाईल म्हणजे पॉलियुरेथेनची पातळ फिल्म, साधारण ८० ते १०० मायक्रॉन जाडीची. तिच्या वरच्या अंगाला पारदर्शक, किंचित चिकट प्लास्टिकचा आधार असतो आणि खालच्या अंगाला, हाताला न चिकटणारा पण उष्णतेने वितळणारा गोंद. कापायच्या यंत्राचं पातं मागच्या, म्हणजे गोंदाच्या बाजूने चालवायचं, फक्त फिल्म कापायची, पारदर्शक आधार तसाच ठेवायचा. नको असलेला भाग सोलून काढला की अक्षरं आधारावर जागच्या जागी उरतात. मग ती कापडावर ठेवून वरून उष्णता आणि दाब. गोंद वितळून सुताच्या वेढ्यांत शिरतो, निवला की तिथेच घट्ट होतो. सगळी गोष्ट एवढीच. बाजारात पीव्हीसीचंही मिळतं, स्वस्त असतं, आणि इस्त्री टेकवली की त्याला वास येतो. पीव्हीसी मऊ करायला जी रसायनं घालतात त्यांतल्या काहींवर लहान मुलांच्या वस्तूंसाठी युरोप-अमेरिकेत निर्बंध आहेत. पोरांच्या अंगावर जायचं असेल तर चार पैसे जास्त मोजून ‘पीयू’, म्हणजे पॉलियुरेथेनचंच घ्यावं. आणि गाडीवर लावायचं रेडियम, ज्याच्या मागे आधीच चिकट गोंद असतो, ते चुकूनही इस्त्रीखाली घालू नये. ते आकसतं आणि त्याचा गोंद इस्त्रीच्या पात्याला लागतो तो लागतोच.

कोऱ्या टी-शर्टाकडे मात्र कुणी फारसं लक्ष देत नाही, सगळं लक्ष चित्राकडे. खरंतर उन्हाळ्यात नव्वद टक्के काम कोऱ्या कापडाचं. भारतात होजिअरीचा मोठा वाटा तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो, आणि तिथल्या मालावर जीएसएमचा आकडा असतो, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. हल्लीचे ढगळ, खांदे ओघळलेले टी-शर्ट २२० च्या पुढे असतात. दिसतात झोकात, पण कोकणातल्या मेमध्ये ते अंगावर घालणं ही शिक्षा आहे. मला १६० ते १८० च्या दरम्यानचा, शुद्ध सुती, साधा गोल गळ्याचा बरा वाटतो. त्याहून पातळ घेतला तर विनाईलच्या वजनाने छातीवर झोळ येतो.

आणला की आधी धुवायचा, कोमट पाण्यात, सुगंधी सॉफ्टनर न घालता. विणलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, विनाईल आटत नाही. न धुता छापलं तर पहिल्या धुण्यानंतर अक्षरांभोवती कापड चुणतं आणि मग ते कितीही इस्त्री करा, सरळ होत नाही. शिवाय नव्या कापडावर कारखान्यात मऊपणासाठी दिलेला लेप असतो, तो गेल्याशिवाय गोंद नीट धरत नाही.

रंगाचं म्हणाल तर माझा आधी पांढऱ्यावर डोळा होता. ऊन परतवतो, विनाईलचा कुठलाही रंग खुलतो. वहिनीने फोनवरच उडवून लावलं. “अगं, पांढरा काही आणू नकोस. इथे महिनाभर कोण बसणारे घासत?” तिचं म्हणणं कळायला मे महिन्यात कोकणातल्या घरी राहिलेलं असावं लागतं. आंब्याचा रस हा त्यातला सगळ्यात सज्जन डाग, वेळेवर धुतला तर निघतो. करवंदं आणि जांभळं जांभळट करून ठेवतात. रातांबे फोडायला बसलेल्या पोरांच्या पोटावर लाल शिंतोडे उडतात. काजूच्या बोंडाचा रस तर फसवाच. ओघळतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, आणि कपडा धुऊन वाळला की तिथे तपकिरी डाग उगवतो, तो त्या कपड्याच्या अंतापर्यंत. फणसाचा चीक वेगळाच, तो डाग नसतोच, तो मुक्काम असतो. चीक काढायला खोबरेल लावा, रॉकेल लावा असे घरगुती उपाय असतात. यातलं रॉकेल विनाईलच्या वाऱ्यालाही उभं करू नये. आणि या सगळ्यावर अंगणातली लाल माती आहेच.

तेव्हा आम्ही रंग निवडले ते डागांकडे बघून. काळा आणि गडद जांभळा डाग लपवतात, पण दुपारी अंगणात उभं राहिलं की ऊन ओढून घेतात. शेवटी दोन ठरले. एक पिकल्या हापूसच्या जवळ जाणारा पिवळा, आणि दुसरा फिका विटकरी, जांभ्याच्या चिऱ्याचा. त्या विटकरीवर रातांबा, माती, बोंड, सगळं एकजीव होतं. वहिनीने महिन्याच्या शेवटी त्या टी-शर्टाला प्रशस्तिपत्रक दिलं: “याला किती दिवस धुतलं नाही ते मला पण आठवत नाही.”

कापायचं यंत्र माझ्याकडे नाही. परदेशातल्या हौशी मंडळींच्या घरी क्रिकट नाहीतर सिल्हूएट नावाची टेबलावर मावणारी यंत्रं असतात. आपल्याकडेही मिळतात, पण वर्षातून एका महिन्याच्या हौसेला ती किंमत मला झेपली नाही. गरजही नाही, कारण जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात स्टेशनजवळ, आरटीओच्या आसपास, एक रेडियमवाला असतोच. पूर्वी गाड्यांच्या नंबर प्लेटही, आता रिक्षाच्या मागची वाक्यं, टेम्पोवरचा ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. त्याच्या टपरीत कटिंग प्लॉटर, म्हणजे संगणकावरून चालणारं कापायचं यंत्र असतं आणि हाताला जी सवय असते ती मला जन्मात यायची नाही. ठाण्यातल्या आमच्या रेडियमवाल्याकडे मी विनाईलची गुंडाळी आणि पेनड्राइव्ह घेऊन गेले, तेव्हा त्याने आधी गुंडाळीचा कोपरा चिमटीत धरून चोळला, मग नखाने फिल्म थोडी उचलून पाहिली. “हे टी-शर्टचं ना? हाफ कट मारायला लागेल. आधी एक तुकडा कापून बघू, पातं किती खोल जातंय.” कोपऱ्यात एक नखाएवढा चौकोन कापला, सुईच्या टोकाने उचलला, खालचा आधार उन्हात धरून त्यावर ओरखडा आहे का ते पाहिलं. होता, अगदी बारीक. पात्याचं टोक किंचित आत घेतलं, पुन्हा चौकोन. या वेळी ओरखडा नव्हता.

मी म्हणणार होते की अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी कापायची आहेत. त्याने मान न वळवता विचारलं, “उलटं काढायचं ना?” त्याला कसं माहीत? गाडीच्या काचेवर जे आतल्या बाजूने चिकटवायचं असतं ते तो रोज उलटंच कापतो. बाहेरून वाचायचं आणि आतून लावायचं. टी-शर्टाच्या विनाईलचं गणित नेमकं तेच, फक्त काचेच्या जागी कापड.

देवनागरीची मात्र एक खोड आहे. संगणकावर अक्षरं शेजारी शेजारी बसलेली दिसतात, पण प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा बरोबर घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. पडद्यावर, कागदावर काही कळत नाही. पातं मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं, आणि शिरोरेषेला दर अक्षराच्या सांध्यावर चीर पडते. ‘फणस’ लिहिलंत तर फ, ण आणि स सुटे होऊन हातात येतात. शिवाय कापायच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. यावर उपाय असा की शब्द आधी इंकस्केपसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये लिहावा, त्याच्या बाह्यरेषा करून घ्याव्यात आणि त्या सगळ्या एकत्र जोडाव्यात. तिथे त्या आज्ञेला युनियन म्हणतात. मग अख्खा शब्द एकसंध होतो आणि देवनागरीची तीच शिरोरेषा आपल्या मदतीला येते. रोमन लिपीतली अक्षरं मुळातच सुटी, प्रत्येकाच्या चारी कडा उसवायला मोकळ्या. आपला शब्द वरून एका दांडीला टांगलेला. अर्धवट चिकटला तरी एखादं अक्षर एकटं गळून पडत नाही.

फॉन्टचं म्हणाल तर बारीक, नाजूक वळणांचे फॉन्ट पत्रिकेवर शोभतात, विनाईलमध्ये नाही. फार बारीक रेघ सोलताना हमखास उपटली जाते. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मोदक’ हा गुबगुबीत फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, पोरांना तो फार आवडला. अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा जेमतेम चिरेएवढ्या. कापायला सोपा, सोलायला सोपा, चिकटायला सोपा, आणि उन्हाळ्याला सगळ्यात वाईट, कारण सगळीकडे प्लास्टिकच प्लास्टिक. त्यांचाच ‘मुक्ता’ साधा, मोकळा, आत वारा खेळेल असा. मी मोदक लहान आकारात बाहीवर वापरला आणि मोठ्या शब्दाला मुक्ता. पोरं थोडी नाराज झाली. होऊ देत.

इथेच ते किती छापू नये हे प्रकरण येतं. माझ्या आजोबांना उन्हाळाभर मी गंजिफ्रॉकवरच पाहिलेलं आहे, तोही जाळीचा. त्या जाळीत कापडापेक्षा भोकं जास्त होती आणि म्हाताऱ्याला कधी उकडतंय म्हणताना ऐकलं नाही. टी-शर्ट हासुद्धा मुळात आतला कपडाच. अमेरिकेच्या नौदलाने १९१३ च्या सुमाराला तो खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिला, आणि उष्ण जागी काम करताना वरचा गणवेश काढून ठेवायची सोय झाली. म्हणजे घाम टिपणं आणि वारा लागू देणं हेच त्याचं काम होतं. त्याच्या छातीवर ताटाएवढं प्लास्टिक चिकटवायचं म्हणजे जाळीच्या गंजिफ्रॉकला अस्तर लावायचं.

कोकणात मे महिन्यात पारा काही विदर्भासारखा चढत नाही. तेहतीस, चौतीस. पण हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. सुती कापड निदान तो शोषून पसरवतं, जास्त जागेवर हवा लागू देतं. फिल्मच्या मागे मात्र तो तसाच साचतो. घाम खूप येतो तो पाठीच्या मधोमध आणि छातीच्या खळगीत, आणि नेमक्या त्याच दोन जागा छापणाऱ्याला सगळ्यात लाडक्या असतात.

म्हणून आमच्याकडे आता असं ठरलं आहे की पाठ कोरी. छातीवर काही हवंच असेल तर डाव्या बाजूला, खिशाच्या जागी, तीनएक इंचाच्या आत. बाही, मानेच्या मागची कॉलरखालची पट्टी आणि खालच्या शिवणीजवळचा कोपरा या तीन जागा कितीही भरा, तिथे कुणाला घाम कळत नाही. मोठं चित्र हवं असेल तर भरलेलं नको, रेघेचं करायचं. फणस काढायचा तर त्याची बाहेरची कड आणि आत मोजके काटे, मधलं सगळं कापड मोकळं. गंमत म्हणजे तो भरलेल्या फणसापेक्षा जास्त फणसासारखा दिसतो. खेळाडूंच्या जर्सीवरचे आकडे बारीक छिद्रांच्या विनाईलमध्येही कापतात, तेही याच कारणासाठी. चमचमत्या विनाईलचं तर नावच नको. ते साध्याहून जाड असतं आणि त्यावर दुसरा थरही धरत नाही. एका भाचीने हट्टाने चमकीचा एक तारा बाहीवर लावून घेतला. तारा एवढासा होता म्हणून मी काही बोलले नाही.

आता सोलणं. हे काम मला एकटीला करायचं असतं तर मी टी-शर्टांच्या नादाला लागलेच नसते. ओटीवर चटई घालून पोरांना बसवलं, प्रत्येकाच्या हातात एक सुई नाहीतर चिमटा, आणि आपापला शब्द. करंजीची कड कातरल्यावर उरलेली पट्टी उचलावी तशी आधी बाहेरची मोठी पट्टी एका झटक्यात निघते, पुढचं काम मात्र जिकिरीचं. णच्या आतली जागा, बच्या पोटातली रेघ. मोठी मुलं भराभर ओढत होती, आणि सगळ्यात लहान, सात वर्षांची भाची मात्र नाक जवळजवळ विनाईलला टेकवून एकेक कण काढत होती. तिचा शब्द ‘आंबा’. शेवटच्या पट्टीबरोबर अनुस्वारही उठला आणि चटईवर कुठेतरी गेला. शोधाशोध झाली, सापडला नाही. नव्याने कापायला ठाण्याला कोण जाणार? ती उरलेला महिना छातीवर ‘आबा’ लिहिलेला टी-शर्ट घालून फिरली. आमच्या वडिलांना सगळे आबाच म्हणतात. ते कौतुकाने दर पाहुण्याला तिला बोलावून दाखवायचे आणि ती दर वेळी चिडून सांगायची, “हा आंबा आहे. टिंब पडलंय.”

दुकानात हीट प्रेस असते, तिच्यात तापमान, दाब आणि वेळ तिन्ही आकड्यांत बसवता येतं. घरी इस्त्री. साध्या पीयू विनाईलला १५० ते १६० अंश लागतात, दहा-पंधरा सेकंद, वरून चांगला दाब. इस्त्रीच्या खुणांत बोलायचं तर एक टिंब म्हणजे सुमारे ११०, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० अंश. तेव्हा दोनाच्या किंचित पुढे. सुती कापड आहे म्हणून सवयीने ‘कॉटन’वर काटा नेला की फिल्मचं नुकसान. शिवाय घरच्या इस्त्रीचं तापमान एका जागी राहत नाही, दिवा लागतो, विझतो, पाते तापते, उतरते. दिवा विझला की लगेच टेकवायची. वाफेच्या इस्त्रीत पाणी नको, आणि तिच्या तळाला जी भोकं असतात तिथे ना उष्णता पोचते ना दाब, तेव्हा दुसऱ्यांदा जागा बदलून ठेवावी लागते. माझ्या मते या कामाला माळ्यावर टाकलेली जुनी, जड, बिनवाफेची इस्त्रीच उत्तम. वाण्याच्या शेजारच्या इस्त्रीवाल्याची कोळशाची पितळी इस्त्री दाबाला राणी आहे, पण तिचं तापमान तिलाच ठाऊक.

खाली काय ठेवायचं, हा खरा प्रश्न. आपण जमिनीवर चादरीच्या दोन घड्या घालून इस्त्री करतो, ती मऊ गादी सगळा दाब गिळून टाकते. इस्त्रीच्या टेबलाचंही तेच. मला सपाट, कठीण, लाकडी काहीतरी हवं होतं, आणि माजघरात भिंतीला टेकवलेला पाट दिसला. त्यावर पंचाची एक घडी, तिच्यावर टी-शर्ट. आई दारात येऊन उभी राहिली. “पाटावर इस्त्री? गणपतीचा नाही ना गं घेतलास?” नव्हता. जेवायचा होता. ती थोडा वेळ बघत उभी राहिली, मग स्वतःच सांगायला लागली की अशी नाही, अशी दाब, हाताने नाही, खांद्याने. पोळ्या लाटून लाटून तिचे खांदे तयार झालेले आहेत, तिचे शब्द माझ्यापेक्षा नीट बसले.

आधी कोऱ्या कापडावर पाच सेकंद इस्त्री टेकवायची, कारण कापसात हवेतला ओलावा नेहमीच असतो आणि कोकणात तर असतोच असतो. तो उडाला नाही तर वाफ होऊन गोंदाच्या आड येतो. मग विनाईल, पारदर्शक आधार वर, त्यावर बटर पेपर. आणि मग ज्याला आयुष्यभर इस्त्री फिरवायची सवय आहे त्याला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट. इथे इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची. ठेवा, दाबा, मोजा, उचला, पुढच्या जागी ठेवा. फिरवली की गरम फिल्म सरकते. पोरं मोठ्याने पंधरापर्यंत मोजायची, आणि दर वेळी कुणीतरी मुद्दाम आठवरून अकरावर उडी मारायचं.

आधार गरम असताना काढायचा की निवल्यावर, ते विनाईलच्या जातीवर असतं आणि विकत घेताना विचारून ठेवावं. हळू, तिरका ओढत न्यायचा. एखादी कड आधाराबरोबर उचलली जाताना दिसली की थांबून पुन्हा दाबायचं. सगळं निघाल्यावर वरून बटर पेपर ठेवून शेवटचा एक दाब. मग प्रकाशाकडे तिरकं धरून बघायचं. विनाईलच्या पृष्ठभागावर कापडाची वीण उमटलेली दिसली तर गोंद सुतात शिरला. फिल्म काचेसारखी गुळगुळीत असेल तर ती नुसती वर बसलेली आहे, दोन-तीन धुण्यांत उठणार.

हे सगळं सकाळी उरकायचं. संध्याकाळी व्होल्टेज नसतं, इस्त्री नुसती कोमट होते आणि दिवा विझतच नाही. पंखाही बंद ठेवावा लागतो, नाहीतर बटर पेपर उडतो. मे महिन्यात, पंखा बंद करून, तापलेल्या इस्त्रीवर ओणवं होऊन आम्ही लोकांना गार वाटावं म्हणून टी-शर्ट करत होतो, यातला विनोद आबांच्या लक्षात सगळ्यात आधी आला.

गावातल्या पोरांनी हे पाहिलं आणि त्यांच्या क्रिकेटच्या जर्सीवर नावं टाकून द्या म्हणून आली. टेनिस बॉलच्या स्पर्धा ऐन रंगात होत्या. जर्सी पॉलिएस्टरच्या, गडद लाल. मी नाही म्हटलं. पॉलिएस्टरचा रंग जास्त उष्णतेने वायुरूप होऊन बाहेर पडतो आणि वरच्या फिल्ममध्ये शिरतो. आज टाकलेलं पांढरं नाव चार दिवसांत गुलाबी दिसायला लागतं. त्यासाठी कमी तापमानाला चिकटणारं, रंग अडवणारं विनाईल मिळतं, ते माझ्याकडे नव्हतं. जर्सीवर खरी छपाई शोभते ती सब्लिमेशनची. तिच्यात शाईच धाग्यात जाते, वर थर असा राहतच नाही, आणि त्यामुळे वाराही अडत नाही. एरवी पॉलिएस्टरबद्दल माझं मत चांगलं नाही, पण एवढा मान त्याला दिलाच पाहिजे.

हल्ली डीटीएफ नावाचा प्रकार गल्लोगल्ली झाला आहे. प्लास्टिकच्या फिल्मवर रंगीत छपाई, तिच्यावर गोंदाची भुकटी, आणि तीच अख्खी कापडावर. फोटोसुद्धा हुबेहूब उमटतो, एकच नग हवा असला तरी करून देतात, विनाईलच्या मानाने कष्ट काहीच नाहीत. पण मोठ्या चित्राचं जे व्हायचं तेच होतं, छातीवर पुन्हा तेच न वाळणारं ताट. पन्नासएक माणसांचे सारखे टी-शर्ट असतील तर मी आजही स्क्रीनवाल्याकडेच पाठवेन, आणि त्याला रबर प्रिंट नको, पाण्याच्या शाईचा प्रिंट दे, असं सांगेन. ती शाई कापडात उतरते. थोडी फिकी दिसते, आणि तेवढ्यावरून लोक नाक मुरडतात.

धुण्याच्या सूचना मी एका कागदावर लिहून मोरीत चिकटवल्या होत्या. पहिलं धुणं एक दिवस सोडून. टी-शर्ट उलटा करून, गार पाण्यात. ब्रश नको, दगडावर आपटायचा नाही, अक्षरांवर थेट इस्त्री नाही. काकीने तो कागद वाचला, आणि आपल्या पद्धतीने सगळे कपडे दगडावर आपटले. सांगायला हरकत नाही की बाहीवरचे आणि कॉलरखालचे सगळे शब्द त्यातूनही टिकले. खिशाजवळचा एक फणस तेवढा कडेला उठला, तो पाटावर नेऊन पुन्हा दाबला.

जूनमध्ये ठाण्याला परतल्यावर गुंडाळीत बरेच लहान-मोठे तुकडे उरले होते. रेडियमवाल्याने त्यांतून नखाएवढ्या अक्षरांत नावं कापून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. आमच्या इमारतीत जुळे भाऊ आहेत, एकाच वर्गात, एकाच मापाचे, आणि पीटीचा पांढरा टी-शर्ट कुणाचा यावरून दर शनिवारी सकाळी त्यांच्या घरातून आरडाओरडा येतो. आता दोघांच्या कॉलरच्या आत नाव आहे. धाकटा, म्हणजे सात मिनिटांनी धाकटा, येऊन विचारून गेला की दादाच्या टी-शर्टात त्याचं नाव आणि त्याच्यात दादाचं, असं बदलून मिळेल का.